उलट्या वेढ्यांची माशी

शेफर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
६ मार्च १९८८

एमरी,

माझी लवीना गेली तेव्हा तू पाठवलेलं कार्ड मिळालं होतं. आत दोन ओळी होत्या आणि पाकिटावर मिनेसोटाचा पत्ता. पत्ता लिहायची सक्ती नव्हती. तू लिहिलास, म्हणून हे पत्र.

अकरा वर्षांनी भाऊ भावाला लिहितो तेव्हा सुरुवात कशी करायची, याचा काही रिवाज असेल तर मला माहीत नाही. मी आपला कामाचं लिहितो. नदीवरचा बर्फ गेल्या मंगळवारी फुटला. पाणी अजून गढूळ आहे. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच गळावर केस-पिसं गुंडाळून मासेमारीच्या खोट्या माश्या बांधतो. बोटांचे सांधे धरतात. हरणाच्या केसांचं एक डोकं बांधायला आता दोन बैठका लागतात. पण केसांची चिमूट गळावर धरून दोरा आवळला की ते सगळे एकदम उभे राहून फुलतात ना, तो क्षण अजून तसाच आहे. बहात्तराव्या वर्षी माणसाला हुकमी आनंद देणाऱ्या गोष्टी किती उरतात?

आपल्या क्लबातला क्लेअर शूई सांगत होता, तू तिकडे देवदार कोरून लाकडी मासे करतोस. कुठल्याशा दुकानात त्याने तुझं नाव वाचलं. माझं मत तुला ठाऊक आहे. तीन-तीन तिहेरी गळ लटकवलेलं लाकूड म्हणजे आमिष नव्हे, शस्त्रागार आहे. असो. क्लेअर म्हणाला, रंगकाम सुंदर आहे.

मासेमारी क्लबचं वार्षिक जेवण १० जूनला आहे. हंगाम उघडण्यापूर्वीचं भाषण दरवर्षीप्रमाणे माझ्याकडेच आहे. विषयही तोच, घरट्यावरचा मासा. १९७७ च्या जूनमध्ये त्याच मंचावरून मी तुझं नाव घेतलं होतं. ते भाषण मला आजही तोंडपाठ आहे: "मित्रहो, मे महिन्यात बास माशाचा नर शेपटीने खडी झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. तो थांबतो. तीन-तीन आठवडे तो धड खात नाही. जवळ येईल त्याच्यावर तो झडप घालतो, ती भुकेने नव्हे, राखणीसाठी. जो भुकेने चावतो त्याला फसवणं हा खेळ आहे. जो राखण करताना चावतो त्याला फसवणं हा दगा आहे. आणि हा दगा देणारा माणूस आज या खोलीत बसला आहे, आणि मला सांगायला लाज वाटते की तो माझा भाऊ आहे."

यातला शेवटच्या वाक्याआधीचा एकही शब्द मी मागे घेणार नाही. त्या नियमासाठी मी उद्याही भांडेन.

शेवटच्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. आवराआवरीत एका जुन्या विद्यार्थ्याचा माश्यांचा डबा हाती लागला. कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. पण तो डबा उघडल्यापासून मला नीट झोप नाही. सविस्तर पुढच्या रविवारी.

ऑर्व्हिल


२७ मार्च

एमरी,

पुढचा रविवार म्हणालो होतो, तीन रविवार गेले. धीर होत नव्हता असं नाही. खात्री करून घेत होतो.

मी तुझं नाव कशाच्या आधारावर घेतलं, ते तुला कधी सांगितलंच नाही. आता सांगतो. त्या मेमध्ये आपल्या सिकॅमोरच्या झाडाच्या मुळाशी पाण्यात एक घरटं होतं. रोज सकाळी मी काठावरून ते बघायचो. एके दिवशी घरटं रिकामं दिसलं. सनफिश माशांनी सगळी पिल्लं साफ केली होती, आणि चार दिवसांनी दोनशे पावलं खाली, प्रवाहाकडेच्या गवतात, नर मरून अडकलेला सापडला. वीस इंच भरला असता. घशात रुतलेली माशी होती आपल्या क्लबचीच: नांग्यांच्या झिंग्यासारखी दिसणारी, तांबूस लोकर, खारीच्या शेपटीच्या नांग्या. मी ती काढली आणि भिंगाखाली धरली. वरून गुंडाळलेल्या बारीक तारेवर मी विसंबलो नाही, कारण तार मुद्दाम उलटी गुंडाळणारे बरेच असतात. मी लोकर पाहिली, पिसाचा पीळ पाहिला, डोक्याजवळचा दोरा पाहिला. तिन्हींचे वेढे उलटे होते. अख्ख्या क्लबात डावखुरा एकच माणूस होता. तू.

मला वाटलं, सही सापडली. माणूस अक्षर बदलू शकेल, पण हाताचं वळण कुठे लपवणार?

आता तो डबा. आत अकरा माश्या, आणि सगळ्यांचे वेढे उलटे. ज्या हाताने त्या बांधल्या तो हात डावा नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. दोन दिवस मला कळेना की उजव्या हाताच्या माणसाने अशी माशी बांधलीच कशी. मग क्लेअरला बोलावलं. त्याने १९६९ च्या हिवाळ्यात माझ्याच वर्गात शिकून घेतलं होतं, आठवतं? अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, चौदा जण होते.

मी म्हणालो, "क्लेअर, बस. एक झिंगा बांध."

"का? परीक्षा आहे?"

"तोंड बंद ठेव आणि बांध."

"हे बरंय. बोलायला तू आणि तोंड बंद ठेवायला आम्ही!"

त्याने टेबलावरच्या पकडीत, व्हाइसमध्ये, गळ अडकवला, नेढं उजवीकडे, अगदी बरोबर. मग दोरा घेतला आणि गळावरून स्वतःकडे ओढला. मी ओरडलोच. दोरा वरून जाताना आपल्यापासून दूर जायला हवा. सगळं जग तसंच बांधतं.

"असं कुणी शिकवलं तुला?"

"कुणी म्हणजे? तू! तू मंचावर आमच्याकडे तोंड करून बसला होतास. 'नेढं तुमच्या उजव्या हाताला' असं घसा फोडून सांगितलंस, ते आम्ही केलं. दोरा कुठे न्यायचा ते काही बोलला नाहीस. तो आमच्याकडे येताना दिसला, म्हणून आम्हीही आमच्याकडे आणला."

"एकोणीस वर्षं उलटं बांधतोयस?"

"माशाने कधी तक्रार केली नाही, ऑर्व्ह."

तो हसत घरी गेला. मी तिथेच बसून राहिलो. सहा संध्याकाळी मी त्या लोकांसमोर बोललो. हरणाचे केस हिवाळ्यातलेच का घ्यावेत, गळाचा काटा आधीच का दाबून टाकावा, नदी ही कुणाची मालमत्ता का नाही, यावर बोललो. पण दोऱ्याची दिशा सांगायची राहिली, आणि एकदाही मंच उतरून कुणाच्या पाठीमागे उभा राहिलो नाही. माझं जे दूर जाणं होतं ते त्यांना जवळ येणं दिसलं. तुझी म्हणून मी ओळखलेली सही मीच निदान डझनभर हातांना शिकवली होती.

म्हणजे ती माशी तुझी असेलच असं नाही. कबूल. पण न्यायाने पाहिलं तर ती तुझी नव्हती, हेही यातून सिद्ध होत नाही. जेवणाच्या दिवशी मी एवढं जाहीरपणे सांगायला तयार आहे की पुरावा अपुरा होता. तू येऊन समोर बसलास तर बरं दिसेल.

ऑर्व्हिल


१७ एप्रिल

एमरी,

तुझी चिठ्ठी आली. पोस्टाच्या पेटीपासून दारापर्यंत येताना वाचली, मग पायरीवर बसून पुन्हा वाचली. तुझ्याच शब्दांत इथे उतरवतो, म्हणजे मी ती नीट वाचली की नाही हे तुला कळेल:

"ऑर्व्ह, वेढ्यांवर तू दोन पानं लिहिलीस. माझं घर तुझ्या घरासमोर होतं. रस्ता ओलांडायला किती वेळ लागला असता? मला विचारलं असतंस तर मी 'नाही' म्हटलं असतं. तुझा विश्वास बसला नसता, तरी चाललं असतं. तू विचारलं नाहीस. पुरावा पुरेसा होता की अपुरा, हा तुझा प्रश्न आहे, माझा कधीच नव्हता. मी येणार नाही. डबा लवीनाचा आहे ना?"

वाचून मी चिडलो. खोटं कशाला बोलू? मी तुला लगेच चार पानांचं उत्तर लिहिलं. पहिलंच वाक्य "तुला हा अधिकार कुणी दिला" असं होतं. तशा सुरुवातीची मी आयुष्यात शंभर भाषणं केली आहेत. रेल्वेच्या कारखान्यात मी कामगारांच्या वतीने बोलायला उभा राहिलो की मॅनेजर पहिल्या वाक्यालाच खिडकी बंद करायचा. ती पानं शेगडीत घातली.

हो, डबा लवीनाचा आहे. शिवणाच्या टोपलीत, बटणांखाली होता. १९६९ च्या वर्गात ती पहिल्या रांगेत बसायची. मी नवरा म्हणून नाही, शिकवणारा म्हणून सांगतो: त्या चौदा जणांत तिचा हात सगळ्यात हलका होता. हरणाचे केस ती ब्लेडने असे कापायची की वाटावं, मखमल आहे. आणि हे सगळं मला आता, भिंग लावून दिसलं. ती जिवंत असताना ती माशी पुढे करायची आणि मी वर न बघता "छान" म्हणायचो.

आता ऐक. डबा सापडल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी तिच्या बाजूने वकिली सुरू केली. मनातल्या मनात, पण पूर्ण आवाजात. नुसत्या वेढ्यांवरून काय सिद्ध होतं? चौदा जण तसंच बांधायचे. तिने माशी कुणाला दिली असेल. कुणी तिच्या डब्यातून घेतली असेल. मासा दुसऱ्याच कशाने मेला असेल. अर्ध्या तासात मी तिच्यासाठी सहा बचाव उभे केले. एमरी, त्याच माशीवरून, त्याच वेढ्यांवरून तुझ्यासाठी मी एकही बचाव शोधला नव्हता. तुला मी जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं.

त्या रात्री तू काय म्हणालास, ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटतं, तू काहीच बोलला नाहीस. तू खुर्ची सरकवून माझ्याजवळून गेलास आणि हळूच म्हणालास, "झालं तुझं बोलून?" मला तो उद्धटपणा वाटला. मी तोही पुरावा म्हणून धरला.

डबा तिचा, हे तू कसं ओळखलंस? मी तर फक्त "जुना विद्यार्थी" लिहिलं होतं.

ऑर्व्हिल


२२ मे

एमरी,

तुझं लांब पत्र आलं त्याला बारा दिवस झाले. त्याबरोबर तू पाठवलेलं तिचं पत्र, १९७८ च्या नाताळातलं, तेही वाचलं. त्या चिठ्ठीपेक्षा जास्त तू मला काही लिहिशील असं वाटलं नव्हतं.

म्हणजे ती माशी लवीनाची होती हे तुला दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. तिने स्वतः कळवलं आणि पुढे दर नाताळला तुला लिहीत राहिली. "ऑर्व्हला मी सांगेन, थोडा वेळ दे" असं तिने लिहिलं आणि तू उत्तर दिलंस, "सांगितलंस काय, न सांगितलंस काय, मी परतणार नाही." मी हे दहा वेळा वाचलं. आधी वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलं. मग प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं: या घरात मला काही सांगायचं झालं तर माणसाने कधी सांगायचं? मी श्वास घेत असताना?

तिच्या पत्रातून जे कळलं ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. त्या दुपारी ती एकटीच गेली होती. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. सिकॅमोरच्या मुळाजवळ घरटं आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, रोज सकाळी बघायचो, आणि एकदाही म्हणालो नाही, "चल, दाखवतो." पहिल्याच फेकीला नर गळाला लागला, एकदाच उसळला आणि दोरी तोडून गेला. माशी त्याच्या घशात राहिली. पाणी थोडं निवळल्यावर तिला खडीवर काळ्या ठिपक्यांचा ढग दिसला. पिल्लं. आणि चारही बाजूंनी येणारे सनफिश.

मग ती पाण्यात उतरली. मांडीपर्यंत, मेच्या थंडगार पाण्यात. नर परत येईल म्हणून गळाच्या काठीच्या टोकाने ती सनफिश हाकलत उभी राहिली. चार तास. तो आला नाही. अंधारून आलं तेव्हा ती घरी आली.

मला ती संध्याकाळ आठवते. हे तुला सांगणं मला भाग आहे. मी टेबलाशी कारखान्यातल्या सभेचं भाषण लिहीत होतो. ती दारात उभी राहिली. परकर भिजलेला होता, ओठ निळे पडले होते.

"ऑर्व्ह, एक सांगायचं होतं."

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

ती थांबली. मग म्हणाली, "असू दे, तुझं होऊ दे," आणि कांदे चिरायला गेली. तिचे डोळे लाल होते आणि मी ते कांद्यांवर लावून मोकळा झालो. चार दिवसांनी मला तो मासा सापडला. तीन आठवड्यांनी मी ते भाषण केलं. ती पहिल्या रांगेतच बसली होती. परतताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "एमरीला तू आधी काही विचारलं होतंस?" मी म्हणालो, "विचारायचं काय? माझ्याकडे पुरावा आहे." त्यानंतर तिने कधी माशी बांधली नाही. मला वाटलं, दीर गाव सोडून गेल्याचं दुःख. आणि माझ्या तत्त्वासाठी आपल्या घरानेही किंमत मोजली, असं मी दोन भाषणांत बोललोही.

काल मी सिकॅमोरच्या मुळाशी गेलो. गळाची काठी नेली नव्हती. या वर्षीही तिथे घरटं आहे. नर चांगला मोठा आहे, लाल डोळ्यांचा, पाठीवर बगळ्याच्या चोचीचा जुना वण. मी बूट काढून पाण्यात उभा राहिलो, बऱ्याच अंतरावर. घड्याळ लावलं. अकरा मिनिटांत पाय बधिर झाले आणि मी बाहेर आलो. चार तास, एमरी. अशा माणसाला माझ्या भाषणात काय नाव होतं? दगेबाज. फक्त ते मी चुकीच्या घरावर फेकलं.

आता प्रश्न १० जूनचा आहे. तुला निर्दोष ठरवायचं तर नुसतं "चूक झाली" म्हणून भागणार नाही. लोक म्हणतील, म्हातारा एकटा पडला, भाऊ आठवला. खरं काय ते सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागतं, आणि ती आता बचाव करायला नाही. तिचं नाव झाकलं तर तुझ्यावरचा डाग राहतो. तू लिहिलंस, "तुझं तू ठरव." दर वेळी मीच ठरवत आलो, आणि पहिल्यांदाच ते मला ओझं वाटतंय. पण तू म्हणालास ते बरोबर आहे. हे मी दुसऱ्याच्या गळ्यात घालू शकत नाही.

मी सगळं सांगणार आहे. भिजलेल्या परकरापासून.

ऑर्व्हिल


१२ जून

एमरी,

परवा जेवण झालं. नेहमीचंच होतं: हॅम, बटाट्याचं सॅलड, मिल्ड्रेड नेपची काकवीची गोड पेस्ट्री. मिल्ड्रेड आता क्लबची अध्यक्ष आहे. साठेक माणसं होती. तिने माझं नाव पुकारलं तेव्हा मी मंचावर गेलो नाही. खालच्या लांब टेबलाशी, क्लेअरच्या शेजारी बसून बोललो. मागून कुणी ओरडलं, "आवाज येत नाहीये!" क्लेअर ओरडला, "मग जवळ या! चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही सोय झालीय." लोक खुर्च्या घेऊन जवळ आले.

मी विचारलं, "१९६९ च्या माझ्या वर्गातले कोण कोण आहेत? दोरा स्वतःकडे ओढणाऱ्यांनी हात वर करा." नऊ हात वर आले. लोक हसले. मी तुझ्याविरुद्धचा पुरावा काय होता ते सांगितलं, आणि हसणं थांबलं. त्या नऊ जणांनी आपापले हात हळूहळू खाली घेतले. मग मी लवीनाबद्दल सांगितलं. गढूळ पाणी, तुटलेली दोरी, काठीने हाकललेले सनफिश, कांदे. माझा आवाज एकदाही चढला नाही. तो चढवायची सवय किती खोल आहे ते त्या दिवशी कळलं. दोनदा टेबलाची कड धरून ठेवावी लागली.

शेवटी मी म्हणालो, "माझ्या भावाने तो मासा धरला नव्हता. आणि त्याने धरला असता तरी, मी आधी त्याच्या दारात जायला हवं होतं. नियम बरोबर आहे. मी चूक होतो. या दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्या नको होत्या, तरीही कान त्यांची वाट बघत होते. ही खोड मेल्यावरच जाईल.

मिल्ड्रेड उभी राहून म्हणाली, "ऑर्व्हिल, हे बोलायला तुला अकरा वर्षं लागली?"

"बोलायला तीन महिने. कळायला अकरा वर्षं."

"लवीनाला आधी कळलं होतं," ती म्हणाली. कडवटपणे नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "त्या वर्षी तिने मला विचारलं होतं, घरट्यावरचा नर गेला तर पिल्लं वाचवता येतात का. मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, प्रयत्न केला तरी नाही? मला वाटलं, सहज विचारतेय." तिने चष्मा पुसला आणि खाली बसली.

निघताना क्लेअरने मला कोट घालायला मदत केली. "म्हाताऱ्या, आजचं सगळ्यात चांगलं झालं," तो म्हणाला. "छोटं होतं म्हणून सांगतोय."

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, तुला सांगतो. तिचं नाव घेताना मला भीती होती की लोक तिला नावं ठेवतील. कुणी ठेवली नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी सहन केलं, आणि मला वाटलं, तूही हेच सहन करत खोलीभर चालत दारापर्यंत गेला होतास. पाठीमागे माझा आवाज चालू होता.

आता शेवटचं. मार्चमध्ये मी लिहिलं होतं, तू येऊन समोर बसलास तर बरं दिसेल. कुणाला बरं दिसेल, हे लिहिलं नव्हतं. त्या वाक्याची लाज वाटते. मी तुला बोलावत नाही. ज्या गावाने तुला उठून जाताना पाहिलं, त्या गावात परत बस म्हणायचा मला हक्क नाही.

सकाळपासून पुढचं वाक्य लिहितोय. एकदा दीड पान झालं. त्यात न्याय होता, नदी होती, आपले वडील होते. ते फाडलं. दुसऱ्यांदा "मला खात्री आहे की" अशी सुरुवात झाली. तेही फाडलं, कारण मला खात्री नाही. माझ्याकडे पुरावा नाही, तू काय म्हणशील याचा अंदाजही नाही. आणि तू नाही म्हणालास तर मी त्यावर वाद घालणार नाही.

एमरी, मी तुझ्याकडे येऊ का?

ऑर्व्ह